यमुनाताईंची गिऱ्हाइकं

आमच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये यमुनाताईंनी केलेली पहिली एंट्री मी अजून विसरलेलो नाही. ग्राहकाचं नाव : हिंगळाई. लिंग : स्त्री. व्यवसाय : मासेमारी. वैवाहिक स्थिती : लागू नाही. जन्मतारीख व्यवस्थित भरलेली. मोबाइल क्रमांकाचा रकाना फक्त आकड्यांसाठी ठेवायला मी विसरलो होतो, त्याचा फायदा घेऊन क्रमांकापुढे त्यांनी लिहिलं होतं, ‘हा तिचा नाय, तिच्या तांडेलाचा हाय.’

“यमुनाताई, या हिंगळाईबाई कोण?” मी विचारलं.

“बाई कसली, बोट हाय ती,” स्क्रीनवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. “सातपाटीची. स्वभावानं चांगली हाय.”

मी तेव्हा पस्तिशीला आलो होतो आणि स्वतःच्या कामाबद्दल माझं मत फार चांगलं होतं. पालघरला एका औषधांच्या वितरकाकडे मी ग्राहकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर, म्हणजे सीआरएम, बसवून दिलं होतं. त्या जोरावर मला बोईसरच्या या एजन्सीत घेतलं होतं. तारापूरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान. आजूबाजूला सगळे रसायनं, औषधं आणि कापडवाले. मासेमारीच्या बोटींची इंजिनं विकणारे आणि दुरुस्त करणारे आम्ही एकटेच. मी बेटेगावचा. घरी भातशेती, आणि भात निघाला की वाल. समुद्र तसा जवळ, पण आमच्या घरात त्याच्याकडे कुणी कधी कामाशिवाय गेलं नव्हतं.

यमुनाताई सर्व्हिस काउंटरवर बसत. तक्रार घ्यायची, मिस्त्री कुठे पाठवायचा ते ठरवायचं, हे काम त्या वीसेक वर्षं करत होत्या. राहायला घिवलीला. अंगाने आडव्या, आवाज खणखणीत, अंबाड्यावर रोज ताजा अबोलीचा वळेसर. संगणकावर त्या उजव्या हाताच्या एकाच बोटाने टाइप करत. एंटरची कळ मात्र अशी हाणत की आत स्टोअरमध्ये कुणाला तरी वाटावं दारावर कोण आलंय. दर एंट्रीनंतर “गेली का?” असं मला विचारायच्या. मी “गेली” म्हटल्याशिवाय पुढच्या रकान्याला हात लावायच्या नाहीत. मला त्या मास्तर म्हणत. मी पहिल्याच दिवशी सगळ्या स्टाफला फळ्यावर एक तास शिकवलं होतं, त्याची ती शिक्षा.

“बोट ग्राहक होऊ शकत नाही,” मी त्यांना समजावलं. “ग्राहक म्हणजे माणूस. किंवा कंपनी. सॉफ्टवेअरमध्ये दोनच गोष्टी आहेत.”

“मग तुमचं सॉफ्टवेअर डोंगरातलं हाय,” त्या म्हणाल्या. “बगा मास्तर, मालक मरतो. भाऊ भाऊ भांडतात, मग अर्धा मालक ह्यो, अर्धा त्यो. तांडेल दर साली बदलतो. आणि फोन येतो तवा मानूस काय सांगतो? ‘मी हिंगळाईवरून बोलतो.’ सोताचं नाव पन सांगत नाय. मग गिऱ्हाईक कोन?”

मी ऐकलं नाही. हिंगळाईची नोंद सवडीने पुसायची असं ठरवून मी दुसऱ्या कामाला लागलो आणि विसरलो. चार-पाच दिवसांनी सकाळी नऊ वाजता सॉफ्टवेअरने आपलं कर्तव्य केलं. हिंगळाईच्या तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्याच्या, फोनवर संदेश गेला, ‘प्रिय हिंगळाई, आपणांस वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. आपणांस उत्तम आरोग्य लाभो.’

अकराच्या सुमाराला सातपाटीहून मालक आणि तांडेल जोडीने दुकानात शिरले, तेव्हा मी ऑइल फिल्टरच्या रॅकमागे जाऊन काहीतरी मोजायला लागलो. मालकाच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता. ज्या दिवशी बोट पहिल्यांदा पाण्यात उतरवली ती तारीख यमुनाताईंनी जन्मतारीख म्हणून टाकली होती. “घरात पोरांचे वाढदीस ध्यानात राहात नाय आमच्या,” मालक आमच्या एजन्सीच्या साहेबांना सांगत होता, “तुमी बोटीचा ठेवला!” साहेबांनी पेढा खाल्ला, मला रॅकमागून बाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. यमुनाताई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, “घ्या मास्तर, तुमी पन घ्या पेडा.”

पुढचे पंधरा दिवस लोक आपापल्या बोटींच्या तारखा घेऊन येत राहिले. वडराईचा एकजण तर भांडायलाच आला. शेजारच्याच्या बोटीला शुभेच्छा आल्या आणि त्याच्या बोटीला का नाही? एकाला तारीख आठवत नव्हती, त्याने बायकोला फोन लावला, तिलाही आठवेना, आणि मग दोघांनी फोनवर एकमेकांना जे काही ऐकवलं ते आम्ही काउंटरवर उभे राहून ऐकलं.

अखेर मी हार मानली. अशा सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. बनवणाऱ्यांनी दिलेली ‘माणूस’ आणि ‘कंपनी’ पुरत नसतील, तर आपल्याला हवी ती नवी नोंद बनवता येते, तिला हवे ते रकाने देता येतात आणि बाकीच्या नोंदींशी तिचं नातं जोडता येतं. मी ‘बोट’ नावाची नोंद बनवली. लांबी, गाव, पाण्यात उतरवल्याची तारीख, इंजिनाचा नंबर.

“एंजिन वेगळं काडा,” यमुनाताई माझ्या खांद्यावरून बघत म्हणाल्या.

“बोटीतच तर असतं ना इंजिन?”

“आज हिच्यात. दोन सालांनी मालक मोटं एंजिन घेतो, हे जुनं मुरबे गावाला जातं, तिकडून डहानूला. तुमी नंबर बोटीला चिकटवला तर एंजिन गेलं डहानूला आणि तुमी बोंबलत बसाल सातपाटीत.”

त्यांचं बरोबर होतं, ते मला तेव्हाच कळलं आणि तेव्हाच राग आला. तीन नोंदी झाल्या : माणूस, बोट, इंजिन. कोणतं इंजिन कोणत्या बोटीत, कधीपासून कधीपर्यंत. कोणता माणूस कोणत्या बोटीचा कोण. या शेवटच्या प्रश्नासाठी मी एक यादी करून दिली, तिच्यातून एकच पर्याय निवडायचा. मालक, भागीदार, तांडेल, खलाशी. चार शब्द. माझ्या मते जगात याहून जास्त नाती नव्हती.

आठवड्याभरात त्या चारांचे अकरा झाले. त्या मागत गेल्या, मी कुरकुरत देत गेलो. ‘कागदावर मालक’ आणि ‘खरा मालक’ असे दोन झाले. ‘फोन उचलणारा’ आला. ‘निर्णय घेणारी’ आली, ती नेहमी बाईच असायची, म्हणून मी ‘घेणारा/घेणारी’ करू म्हटलं तर त्या म्हणाल्या, “जागा कशाला वाया घालवता?” एक दिवस त्यांनी ‘बोलणं नाय’ हा पर्याय मागितला. दोन भागीदारांचं आपसात बोलणं बंद असेल तर एकाचा निरोप दुसऱ्याकडे द्यायचा नाही, एकाच्या समोर दुसऱ्याचं नाव काढायचं नाही, आणि मिस्त्री पाठवताना दोघांना वेगवेगळा फोन करायचा. मी म्हटलं, हा पर्याय जगातल्या कुठल्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये नसेल. त्या म्हणाल्या, “त्यांचं तिकडं सगळ्यांचं बोलनं असेल.”

‘आदी नातं लिवा, मग नंबर,’ हे त्यांचं पालुपद. नवीन माणूस काउंटरवर आला की त्या त्याचा फोन नंबर शेवटी विचारत. आधी कोणाचा कोण, कोणत्या बोटीवर, आईचं माहेर कुठलं. पोरं वैतागायची, पण सांगायची. मी माझ्या परीने या सगळ्याला शिस्त लावायचा प्रयत्न करत होतो. रात्री घरी गेल्यावर बायकोला सांगायचो की एका बाईमुळे माझा डेटा घाण होतोय. बायको म्हणायची, तुझा कसा, बोटी त्यांच्या आहेत.

मुंबईहून आमच्याकडे एक विक्री अधिकारी आला होता, टापटीप, सुगंधी. त्याने सिस्टिममधून एका बोटीच्या मालकाचा पत्ता काढला आणि नवं इंजिन खपवायला त्याच्या घरी गेला. तीन तास समोर बसून त्याने तक्ते दाखवले. मालक प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. अधिकारी परत आला तो ऑर्डर मिळाल्याच्या आनंदात. यमुनाताईंनी त्याला जवळ बोलावून त्याच बोटीची नोंद उघडून दाखवली. शेराच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘निर्णय आई घेते. सकाळी वाळवणावर असते. बोंबील उलटताना इंजिनाचं बोलू नये. बोंबलाचं बोलावं.’ दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला, म्हातारीशी तासभर बोंबलाचं बोलला आणि ऑर्डर घेऊन आला. सोबत म्हातारीने दिलेली सुकटीची पुडी होती. ती त्याने गाडीत नेली नाही, मला देऊन टाकली.

हे सगळं सांगायचं कारण, बोटीच्या नोंदीत मी ‘स्थिती’ असाही एक रकाना केला होता. चालू, किनाऱ्यावर, विकली, मोडली, बुडाली. हे पाचही शब्द यमुनाताईंनीच दिले. ‘बुडाली’ निवडलं की तारीख भरावीच लागायची, ही शिस्त माझी.

जुलैत इंजिन कंपनीकडून पत्र आलं. एका खेपेतल्या एकोणीस इंजिनांमधला पाण्याचा पंप कच्चा निघाला होता. आतला दांडा मोडण्याची शक्यता होती. तो मोडला की इंजिन थंड ठेवणारं पाणी थांबतं आणि इंजिन तापून बंद पडतं. खोल समुद्रात इंजिन बंद पडणं म्हणजे काय, हे बेटेगावच्या माणसालाही कळतं. नवे पंप फुकट मिळणार होते. मासेमारीची बंदी जुलैअखेर संपते. एक ऑगस्टला सगळ्या बोटी निघणार. हातात दहा दिवस होते.

हा माझा दिवस होता. एकोणीस नंबर टाकले, बटन दाबलं, आणि कोणतं इंजिन आज कोणत्या गावात कोणत्या बोटीत आहे, कोणाला फोन करायचा आणि कोणाला करायचा नाही, सगळी यादी छापून निघाली. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आमचा मिस्त्री शंभू, मूळचा बिहारचा पण दहा वर्षं बोईसरला मुरलेला, गाडीत पंप भरून निघाला आणि सहा दिवसांत मुरबे, सातपाटी, वडराई, डहाणू करून आला. अठरा पंप बदलून झाले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की यादीत अठराच बोटी होत्या.

एकोणिसावा नंबर शोधायला वेळ लागला नाही. ज्याची बोट बुडाली त्याला फोन करून ‘पंप बदलता का’ विचारणं बरं दिसणार नाही, म्हणून बुडालेल्या बोटी मी यादीतून वगळल्या होत्या. ते इंजिन बुडालेल्या बोटीत होतं. बोट : यमुना. गाव : घिवली. स्थिती : बुडाली. तारीख सहा वर्षांपूर्वीची. खाली मालकाच्या जागी नुसती एक आडवी रेघ.

मला वाईट वाटलं. पण माझी खोड अशी की एक नोंद उघडली की तिच्याशी जोडलेल्या सगळ्या बघायच्या. त्याच इंजिनासाठी तीन आठवड्यांपूर्वी आमच्या काउंटरवरून डिझेल फिल्टर विकला गेला होता.

“यमुनाताई,” मी म्हटलं, “बुडालेल्या बोटीला फिल्टर कशाला लागतो?”

त्यांचं बोट कळफलकावर तसंच राहिलं. “मी सुट्टीवर होते त्या दिवशी,” एवढंच त्या म्हणाल्या. मग स्क्रीनकडे बघत, “माज्या भावाची हाय ती. काशिनाथची.”

बोट त्यांच्या वडिलांनी बांधली होती, यमुनाताई मॅट्रिक झाल्या त्या वर्षी, आणि पुढच्या फळीवर त्यांचं नाव रंगवून घेतलं होतं. वडील गेल्यावर बोट काशिनाथकडे गेली, त्यात त्यांना काही वाटलं नाही. इंजिनही त्यांनीच आमच्याकडून निवडून दिलं. काशिनाथला लग्नानंतर बारा वर्षांनी मुलगी झाली. बारशाला यमुनाताई पाळण्यातला चांदीचा वाळा घेऊन निघाल्या. वाटेत किनाऱ्यावर बोट नवीन रंग लावून उभी होती आणि फळीवर नाव होतं ‘स्वरा’, मुलीसाठी ठरवलेलं.

“माजं नाव पुसलं,” त्या म्हणाल्या. “मी तिकडनंच मागं फिरले. वाळा अजून कपाटात हाय. नाव बदलाचं होतं तर बदल, पोरगी झाली, कौतुक हाय. पन मला इचारलं असतं तर मीच ब्रश धरला असता, मास्तर.” त्यांचं सासर आणि माहेर एकाच गावात, दोन आळ्यांच्या अंतरावर. सहा वर्षं त्या भावाचं दार टाळायला देवळामागून वळसा घालून जात होत्या. भाची सहा वर्षांची झाली होती आणि यमुनाताईंनी तिला जवळून पाहिलेली नव्हती.

मी काय करावं? मी चिडलो. आज ते आठवून शरम वाटते, पण माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, “तुम्ही सिस्टिममध्ये खोटी नोंद केलीत.”

“खोटी नाय. त्या दिवशी बुडाली ती.”

“अहो पण तो तर बोट घेऊन एक तारखेला निघणार!”

त्या पदराने चष्मा पुसत बसल्या. त्यांना माझ्या आधी सगळं समजलं होतं.

मी साहेबांना सांगितलं. साहेब मनाने फार साधे. त्यांनी लगेच काशिनाथला फोन लावला आणि उशीर का झाला याचं कारणही प्रामाणिकपणे सांगून टाकलं. पलीकडून जे उत्तर आलं ते आम्हाला काउंटरपर्यंत ऐकू आलं. “तुमच्या काम्पुटरात माजी बोट बुडालीय ना? मग बुडालेल्या बोटीचा पंप कशाला बदलता? नको मला तुमचा पंप. मी जातो एक तारखेला.” फोन कट. साहेबांनी परत लावला, त्याने उचलला नाही. शंभू संध्याकाळी गाडी घेऊन गेला, त्याला बोटीजवळ उभं राहू दिलं नाही. तारीख एकोणतीस झाली होती.

तीस तारखेला यमुनाताई नेहमीपेक्षा लवकर आल्या. अंबाड्यात फूल नव्हतं. पिशवी न ठेवताच संगणकासमोर बसल्या आणि ती नोंद उघडली. मी मागे उभा राहिलो. त्यांनी ‘बुडाली’ काढून ‘चालू’ केलं. मालकाच्या रेघेवर काशिनाथचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मग बोटीच्या नावावर आल्या. ‘यमुना’ पुसायला एकेक अक्षर मागे जावं लागत होतं आणि एका बोटाने ते फार सावकाश झालं. मी म्हटलं, “‘पूर्वीचं नाव’ असा एक रकाना करून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे.” मी आपणहून त्यांना रकाना देऊ केला तो हा पहिलाच.

“द्या,” त्या म्हणाल्या. नव्या जागी त्यांनी ‘स्वरा’ टाइप केलं आणि कळ दाबली, पण हलकीच. “गेली का?”

“गेली.”

“मग शंभूला हाक मारा. आणि तुमी पन चला.”

यानंतर यमुनाताई आमच्याकडे फार दिवस नव्हत्या. त्या महिन्याभरात निवृत्त झाल्या आणि मीही पुढे नोकरी बदलून वापीला गेलो. म्हणून त्यांची आठवण काढली की मला काउंटर दिसत नाही. मला त्या दिवसाचं घिवली दिसतं.

पावसाने उघडीप दिली होती. ओंडक्यांचे टेकू लावून बोटी उभ्या होत्या, ताडपत्र्या काढायचं काम चाललं होतं, लांब वीजकेंद्राच्या इमारती धुक्यात होत्या. काशिनाथ बोटीवर उभा राहून दोर आवळत होता. यमुनाताईंसारखाच आडवा, तसाच आवाजाचा. बहिणीला पाहिलं तसा त्याने तोंड समुद्राकडे फिरवलं. आम्ही दोघं मागे थांबलो. यमुनाताई सरळ बोटीपाशी गेल्या, पुढच्या फळीवर हात ठेवला आणि भावाकडे ढुंकूनही न बघता मोठ्याने म्हणाल्या, “बाय गो, तुज्या मालकाला सांग, पंप कच्चा हाय.”

वरून काशिनाथने पाण्याकडे बघत उत्तर दिलं, “सांग गो तिला, तू बुडालीस. बुडालेलीला कसला पंप?”

शंभू माझ्या कानाशी लागला. “सर, ये लोग किससे बात कर रहे हैं?”

“बोट से,” मी म्हटलं.

“बोट जवाब देगी?”

“सांग त्याला,” यमुनाताई फळीला म्हणाल्या, “बुडवली ती मीच, रागानं. चूक माजी. आज सकाळी माज्या हातानं तुजं नाव टाकून आले. स्वरा म्हनून. नाय पटत तर ह्या मास्तराला इचार म्हनावं.”

काशिनाथने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आयुष्यात माझ्या नोंदीची एवढी तपासणी कुणी केली नव्हती. त्याने हातातला दोर खाली टाकला.

“सांग तिला,” तो म्हणाला आणि बोटीच्या कडेला आला. “सांग तिला, नाव पुसताना माजा हात पन थांबला होता. मी घरी तिची वाट बघत होतो. ती बारशाला आलीच नाय.”

यमुनाताईंनी फळीवरचा हात काढला नाही. रंग अजून ओला असल्यासारखी त्यांची बोटं त्या अक्षरांच्या कडेकडेने फिरत होती. काशिनाथने शंभूला खूण केली, “शिडी लाव.”

शंभूने तासाभरात पंप काढला. जुना दांडा उजेडात धरून त्याने मला दाखवला. मधोमध केसासारखा तडा गेला होता. काशिनाथने तो त्याच्या हातातून घेतला, अंगठा फिरवून पाहिला, आणि खिशात टाकला. तो दांडा कंपनीला परत पाठवायचा असतो, माझ्या यादीत तसा रकानाही होता. मी मागितला नाही.

आम्ही हत्यारं आवरायला लागलो. काशिनाथ खाली उतरला, बोटीच्या सावलीतल्या फळकुटावर बसला आणि घरून आलेला डबा उघडला. “इचार तिला,” तो बोटीला म्हणाला, “जेवलीस का?”

“सांग त्याला, माजा डबा हाय माज्यापाशी.”

“सांग तिला, तिच्या डब्यात दुदी असंल. इकडं सोड्याचं कालवन हाय.”

यमुनाताईंनी पिशवी खाली ठेवली. मग त्याच फळकुटाच्या दुसऱ्या टोकाला, भावाकडे पाठ करून बसल्या. त्याने डबा न बघता मागे सरकवला. त्यांनी न बघता भाकरी मोडली, सुक्या कोळंबीच्या त्या कालवणात बुडवली, एक घास खाल्ला. मी गाडीचा दरवाजा उघडला होता, पण शंभूने माझा हात धरून मला थांबवलं. दोघांच्या पाठी एकमेकींना जवळजवळ टेकल्या होत्या.

“मीठ कमी हाय रे, काश्या,” यमुनाताई म्हणाल्या.